दर कळला, मुद्दल कुठंय?

बचत गटाच्या बैठकीत आपण मुद्दल आणि व्याज दर महिन्याला मांडतो. आज तोच हिशोब घेऊन आभाळात जाऊ.

दूरच्या एखाद्या ताऱ्यापुढून दुसरा तारा अगदी सरळ रेषेत गेला, की पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणानं मागच्याचा प्रकाश वाकतो. पुढचा तारा भिंगासारखं काम करतो आणि मागचा काही दिवस जास्त उजळ दिसतो. आइन्स्टाइननी १९३६ साली यावर लिहिलं, पण असा योग प्रत्यक्ष बघायला मिळणं अवघड, असंही म्हटलं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शशिकुमार चित्रे यांनी अशा गुरुत्वीय भिंगांचा अभ्यास केला. पुढच्या ताऱ्याभोवती ग्रह असला, तर त्या उजेडात थोड्या वेळापुरता बारीक चढउतार होतो. ग्रह स्वतः दिसत नाही, पण लहान असला तरी खूण सोडतो.

२००५ साली अशीच एक खूण मिळाली. ग्रहाचं वजन त्याच्या ताऱ्याच्या सुमारे साडेबारा हजारांव्या हिश्शाएवढं असावं, इतकं कळलं. म्हणजे व्याजाचा दर कळला, पण मुद्दल, म्हणजे ताऱ्याचं वजन, माहीत नव्हतं. मग व्याजाचे रुपये कसे सांगणार? शिवाय उजेड उतरतानाच तेवढा बारकाईनं मोजला गेला होता, त्यामुळे एकापेक्षा जास्त गणितं बसत होती.

शास्त्रज्ञांनी वाट पाहिली. दोन्ही तारे हळूहळू एकमेकांपासून सरकत होते. २०११ साली हबल दुर्बिणीनं आणि २०१३ साली हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीनं त्यांना पुन्हा टिपलं. ते किती सरकले यावरून चुकीची गणितं बाद झाली. पुढच्या ताऱ्याच्या उजेडावरून त्याचं वजन निघालं, सूर्याच्या सुमारे ७० टक्के. ग्रह पृथ्वीच्या सुमारे १४ पट वजनाचा, युरेनससारखा ठरला. निकाल २०१५ साली जाहीर झाला.

खूण एक, कारणं अनेक. हे आपल्या जिवाशीही लागू आहे. २०१९ साली आपल्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, यामागे औषधानं बरा होणारा जंतुसंसर्गही असू शकतो. म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर आम्ही गटातल्या बाया एकमेकींना हेच सांगतो: तपासणीचे कागद मागा, कारण विचारा, सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. जिवावरचं दुखणं असेल तर उशीर करू नका. एरवी मात्र दुसरी तपासणी होऊ द्या. काढलेली पिशवी परत बसवता येत नाही.