बारावीनंतर जर्मनचं काय?



काल संध्याकाळी एका बागायतदाराच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांची मुलगी नुकतीच दहावी झाली आहे. वडिलांनी विचारलं, "सर, अकरावीला जर्मन घेऊ द्यायचं का? मार्क चांगले पडतात म्हणे."

अकरावीच्या यादीत दहावीचे भाषेचे गुण उपयोगी पडतात, म्हणून आपल्याकडे कित्येक मुलं संस्कृत घेतात. बारावीनंतर मात्र इंजिनिअरिंग सीईटीवर आणि मेडिकल नीटवर ठरतं. त्या गुणवत्ता यादीत जर्मनचा पेपर कुठेच मोजला जात नाही. तरीही भाषा 'स्कोअरिंग' म्हणूनच निवडायची, नाहीतर मराठी सोडून आयटी घ्यायचं! मला याचं मनापासून दुःख होतं.

अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ शालेय तयारीबद्दल काय सुचवतं ते ऐका : एकच परभाषा, सलग चार वर्षं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाला इंग्रजीखेरीज एका भाषेची दोन वर्षं लागतातच, तीन झाली तर उत्तम. त्याच राज्याने 2011 साली कायदा करून दोन भाषांत तयार झालेल्या विद्यार्थ्याच्या शालान्त प्रमाणपत्रावर खास मोहोर द्यायला सुरुवात केली. ती दुसरी भाषा मराठीही असू शकते. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत तिथली आपली मुलं सुट्टीच्या दिवशी बाराखडी गिरवतात. आपण इथे जिला ऐच्छिक करून टाकलं, ती तिथे कमावलेली विद्या ठरते.

जर्मनीचं सांगतो, कारण प्रश्न जर्मनचाच होता. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला 1,500 युरो घेतं. याच राज्याशी महाराष्ट्राने 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. पण पदवीचे बहुतेक वर्ग जर्मनमधून चालतात आणि प्रवेशाला साधारण सी-1 पातळी लागते. ए-1, ए-2, बी-1, बी-2 आणि मग सी-1. शून्यापासून सुरू केलेली अकरावी-बारावी तिथवर नेत नाही.

तुम्हा वणीकरांना द्राक्षबागेवरून हे लगेच कळेल. आधी खुंट लावायचा, त्यावर कलम भरायचं, वेल मांडवावर चढवायचा, ओलांडे तयार करायचे. पहिल्या वर्षी मांडवावर घड दिसत नाहीत, म्हणून कोणी बाग उपटत नाही. मुलांची भाषा मात्र आपण नेमकी वेल मांडवाला लागताना उपटतो.

मी त्या मुलीलाच विचारलं, "बारावीनंतर पुढची जर्मन तुला कोण शिकवणार?" ती म्हणाली, "ते कॉलेजात कुणी सांगितलंच नाही." मग आम्ही कागद घेतला. नाशिकला पुढचा वर्ग कुठे, ऑनलाइन तास कधी, परीक्षा पुण्याला की मुंबईला, एस.टी.चं भाडं किती, हे सगळं मांडायला बसलो. वडिलांनी तोच कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चार वर्षांचा खर्च धरतो मग."