पाठीचा कणा आणि अंगावरचे दूध



आजच्या विषयाचे नाव परदेशी आहे. गरज मात्र आपल्या नीरेच्या कालव्याकाठची आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचे गाळप सुरू होण्याच्या सुमारास बारामती-इंदापूरच्या शिवारांत बीड-अहिल्यानगरकडच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. ती वाकून ऊस तोडते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. कित्येकींचे तान्हे मूल त्या वेळी बांधावर झोळीत असते. आईची पाठ आणि लेकराचे दूध, ही दोन्ही दुखणी एकाच कोपीत नांदतात. या दोहोंवर हाताने इलाज करू म्हणणारी एक विद्या आहे. तिचे मोल किती, ते पाहू.

अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरने १८७४ साली ऑस्टिओपथीचा विचार मांडला आणि १८९२ साली कर्क्सव्हिल गावी तिची शाळा काढली. हाडे, सांधे, स्नायू नीट हलते राहिले तर शरीर आपली दुरुस्ती आपण करते, ही तिची मूळ कल्पना. आपल्याकडचा हाडवैद्य आणि बाळंतिणीला तेल लावणारी बाई यांनी हे नाव ऐकलेही नसेल. पण हाताच्या गुणावर भरवसा दोहींकडे सारखाच.

हा भरवसा पाठीच्या बाबतीत अगदीच पोकळ नाही. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मार्गदर्शन केले. त्यात व्यायाम व समजुतीचे शिक्षण यांच्या जोडीला मणक्यांवरील हस्तोपचार आणि मालिश यांनाही जागा दिली आहे. मात्र हाताने मिळणारा आराम बहुधा बेताचा असतो आणि हालचालीवाचून टिकत नाही. अंथरुणाला खिळून राहणे हा तर इलाजच नव्हे. पायातील जोर गेला, लघवीचा ताबा सुटला, ताप येऊन वजन घटू लागले, तर पाठ कोणाच्याही हाती न देता थेट रुग्णालय गाठावे. मणक्याचा क्षय आपल्या देशात अजून आहे.

बाळाचे प्रकरण निराळे. मूल अंगावर पीत नाही म्हणून त्याच्या डोक्याची व मानेची हाडे हळुवार हलवून पाहणारे उपचारक परदेशांत आहेत. काही लहान प्रयोगांत थोडा फायदा दिसला. पण भरवसा ठेवावा इतका पुरावा अद्याप जमलेला नाही. मग आम्ही काय करावे? प्रथम बाळाला धरण्याची रीत पाहावी. बाळाचे अंग आईच्या अंगाला लागलेले, तोंड मोठे उघडलेले, बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. जिभेखालचा पडदा आखूड आहे का, टाळूला फट आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहा वेळा तरी लघवी व्हावी. मूल सुस्त पडले, लघवी कमी झाली, तर वेळ दवडू नये.

आमच्या घरांतल्या काही रीतीही येथेच टाकून दिल्या पाहिजेत. डोके गोल करण्यासाठी दाबणे, बाळाची छाती पिळणे, मधाचे बोट चाटवणे आणि पहिला पिवळा चीक टाकून देणे, यांतली एकही निरुपद्रवी नाही. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यावे आणि सहा महिने दुसरे काही देऊ नये.

परंतु हा उपदेश ऐकावयास त्या माउलीला फुरसत कोठे आहे? पहाटे फडात जाणे, दिवस चुकला तर खाड्याचा भुर्दंड आणि डोक्यावर उचलीचे कर्ज! तासन्तास पाजले नाही तर दूध आटते. रोज ओझे वाहिले तर कालची मालिश आज संपते. जगातील कोणताही कुशल हात हे ओझे उतरवू शकत नाही. ते उतरवणे कारखान्याचे, मुकादमाचे आणि आम्हा बागायतदारांचे काम आहे. मोळी लहान बांधावी, बाळंतिणीला मोळ्या वाहण्यातून सूट द्यावी, फडाजवळ सावली असावी, पाजण्यासाठी सुटी असावी आणि त्यापायी तिची मजुरी कापू नये. साखरेच्या हिशेबात एवढा खर्च जड नाही. हस्तोपचाराला त्याचे स्थान आहेच. पण पहिला उपचार आमच्या हिशेबाच्या वहीत आहे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.