छत्तीस फोटोंचा छंद



वसंतातील या व्याख्यानमालेत अर्थकारण, संतवाङ्मय, नव्या शस्त्रक्रिया अशा भारदस्त विषयांच्या पंगतीला आमचा विषय बसला आहे खरा. पण तो थोडा अंग चोरूनच बसला आहे. फिल्मच्या कॅमेऱ्याने फोटो काढण्याचा छंद, आणि तोही आजच्या डिजिटल जमान्यात! चिटणीसांना हा विषय कळविला तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे जुन्या आठवणी सांगणार का?" आम्ही म्हटले, "गेल्या रविवारी काढलेल्या फोटोंविषयी बोलणार." तेव्हा त्यांनी आमच्याकडे जरा काळजीने पाहिले. आपल्यापैकी पुष्कळांच्या चेहऱ्यावर आम्हांला आता तीच काळजी दिसते आहे.

प्रथम जे मान्य करायचे ते करून टाकू. या मंडपात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात किंवा पिशवीत फोन आहे, आणि त्या फोनमध्ये कॅमेरा आहे. तो अंधारात पाहतो, हात हलला तर सावरून घेतो, चेहरे ओळखतो आणि काढलेला फोटो क्षणार्धात परदेशातल्या लेकीला पोचवितो. आमच्या फिल्मच्या कॅमेऱ्याला यातले काही म्हणता काही येत नाही. त्यातून एका रोलची किंमत, तो धुण्याचा खर्च आणि स्कॅनची मजुरी धरली तर आकडा हजार रुपयांपलीकडे सहज जातो. म्हणजे एकेका फोटोला तीसएक रुपये! फोनवर मात्र शंभर फोटो फुकट. तेव्हा फिल्म श्रेष्ठ की डिजिटल श्रेष्ठ, हा वाद घालायला आम्ही आलेलो नाही. सोयीच्या दृष्टीने तो केव्हाच निकालात निघाला आहे.

हा निकाल कसा लागला, ती कथाही मौजेची आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना जन्मला तो फिल्म विकून मोठ्या झालेल्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने तो जोडून दाखविला. वजन साडेतीन किलोंच्या आसपास, आणि एक काळेपांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. घरात जन्मलेल्या या पोराने पुढे बापाचेच दुकान बसविले. १९३५ पासून चालत आलेली कोडाक्रोम ही रंगीत फिल्म कंपनीने २००९ साली बंद केली आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडेही वेगळे घडले नाही. उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याची 'इंदू' ही काळीपांढरी फिल्म येथील वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी वापरली असेल. तो कारखानाही बंद पडला. बडोद्याला तयार होणारा आग्फाचा 'क्लिक थ्री' कॅमेरा एका रोलमध्ये बारा फोटो देत असे. आज तो सापडतो माळ्यावरच्या ट्रंकेत.

एवढे झाल्यावर लोक फिल्मचे तेरावे उरकून मोकळे झाले होते. पण पुढे काय झाले पाहा. २०२३ च्या अखेरीस इंग्लंडमधील हार्मन या कंपनीने 'फिनिक्स' नावाची नवी रंगीत फिल्म बाजारात आणली. २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा नवाकोरा कॅमेरा काढला. ही काही मोठी क्रांती नव्हे, हे आम्ही जाणतो. मोटारी आल्या म्हणून घोड्यावर बसण्याची हौस संपली नाही. मात्र घोड्यावरून कचेरीला जाणे संपले. उपयोग संपतो, तेथे छंदाला मोकळे रान मिळते. फिल्मचे तसेच झाले आहे. आता तिच्याकडून कामाची अपेक्षा कोणी करीत नाही, म्हणून तिच्याकडून आनंद घेता येतो.

हा आनंद कसला? आमच्या मते तो मर्यादेचा आनंद आहे. सिनेमासाठी निघालेली ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी छोट्या कॅमेऱ्यात घालण्याची कल्पना ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिराने यशस्वी केली आणि १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. त्या धर्तीच्या कॅमेऱ्यांत आजही एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघतात. छत्तीस म्हणजे छत्तीस. सकाळी नदीच्या घाटावर गेलो आणि समोर सुरेख ऊन पडले असले तरी बोट लगेच खटक्यावर जात नाही. मन विचारते, हे तीस रुपयांचे आहे का? हा प्रश्न दिसतो कंजुषाचा. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आणि तो रसिकाचा असतो. यात आपल्याला नेमके काय आवडले? पाण्यावरचे ऊन, की धुणे आपटणाऱ्या बाईचा उंचावलेला हात? मग आपण दोन पावले पुढे जातो, खाली बसतो, थांबतो. पुष्कळदा फोटो न काढताच परत येतो. परंतु तेवढा वेळ आपण पाहिलेले असते.

प्रकाशाचा हिशेबही स्वतः करावा लागतो. तो फार अवघड नाही. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र १६ या आकड्यावर ठेवावे, आणि फिल्मचा वेग १०० असेल तर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या जवळपास पडदा उघडावा. ढग आले, सावली आली की छिद्र पायरीपायरीने मोठे करावे. एवढ्या भांडवलावर माणूस वर्षभर फोटो काढू शकतो. काही दिवसांनी अशी सवय जडते की बसची वाट पाहतानाही आपण समोरच्या भिंतीवरचे ऊन मोजू लागतो. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना ते कळत नाही, हे बरे!

वाट पाहण्यावरून आठवले. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर ती मिनिटभरात संपली. त्या मिनिटासाठी त्यांनी महिना घातला. पण त्या मिनिटानेच पुढच्या चित्रपटाला पैसा उभा करून दिला. फाळके मुळात फोटोग्राफर. अशी चिकाटी त्यांच्या अंगात आधीच मुरलेली होती, असे मानायला हरकत नाही.

आता रोल धुण्याची गोष्ट. फोटो काढला की फिल्मवर प्रतिमा उमटलेली असते, पण ती दिसत नाही. चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांवर प्रकाशाचा स्पर्श तेवढा झालेला असतो. डेव्हलपरमध्ये बुडविल्यावर त्या स्पर्श झालेल्या कणांची काळी चांदी होते, आणि फिक्सर उरलेले क्षार विरघळवून टाकतो. पाश्चात्त्य पुस्तकांत सरसकट लिहिलेले असते, द्रावण २० अंशांवर ठेवा. लिहिणाऱ्याने आमच्या गावचा वैशाख पाहिलेला नाही! आमच्या नळाचे पाणीच ३० अंशांच्या वर. द्रावण गरम असले की डेव्हलपरची क्रिया फार भराभर होते आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो. म्हणून आम्ही परातीत बर्फ घालून त्यात बाटल्या उभ्या करतो. रात्री दिवे मालवून, कांबळ्याखाली हात घालून, रोल चाचपडत धुण्याच्या डब्यात भरतो. झाकण बसले की दिवा लावायला हरकत नसते. मग घड्याळ लावून काही मिनिटे डेव्हलपर, थोडा वेळ आम्लाचे पाणी, मग फिक्सर, आणि शेवटी भरपूर स्वच्छ पाणी. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नये, कॅनमध्ये साठवून जाणकाराकडे द्यावा. हे सारे होऊन पट्टी कपड्याच्या चिमट्याने दोरीला टांगली, की धूळ बसू नये म्हणून पंखा बंद. त्या उकाड्यात घामाघूम होऊन एक प्रौढ माणूस ओल्या पट्टीकडे दिव्यासमोर टक लावून बघत उभा राहतो. घरच्या मंडळींचे त्याविषयीचे मत येथे सांगत नाही.

येथवर छंदाची गोड बाजू झाली. दुसरी बाजू झाकून ठेवली तर ते बरे दिसणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमचे कोकणातले घर विकायचे ठरले. भावाभावांच्या वाटण्या झाल्या होत्या, आणि तेथे राहायला कोणी उरले नव्हते. शेवटचे पाहून यावे म्हणून वडील, बहीण आणि आम्ही असे तिघे गेलो. आम्ही कॅमेऱ्यात नवा रोल भरला आणि सबंध दिवस त्या घराला दिला. वडिलांना पडवीत बसविले, विहिरीच्या रहाटाशी उभे केले, माळ्याच्या जिन्यावर चढविले. बहीण फोनवर जाता जाता, बोलता बोलता फोटो काढीत होती. आम्ही तिला म्हटलेही, "अगं, असे काढतात का फोटो? जरा बघ तरी." संध्याकाळी आकडा ३६ झाला, ३७ झाला, ३८ झाला, तरी रोल संपेना. तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. रात्री अंधारात पाठ उघडून चाचपले. पट्टीचे टोक पलीकडच्या फिरकीत अडकलेच नव्हते. दिवसभर पडदा उघडत मिटत होता आणि फिल्म डबीतच बसून होती. एकही फोटो आला नव्हता.

वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "असू दे. पण मला पुन्हा त्या जिन्यावर चढवू नकोस बाबा." दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. पावसाळ्यानंतर घर पाडले गेले, आणि त्याच वर्षी वडील गेले. पडवीत बसलेल्या वडिलांचा जो फोटो आज आमच्या भिंतीवर आहे, तो बहिणीच्या फोनमधला आहे.

ही चूक आमची होती. रोल भरल्यावर खटका ओढताना डाव्या बाजूची गुंडाळण्याची कळ फिरते की नाही, एवढे पाहिले असते तर ती टळली असती. न काढलेला फोटो हाच खरा फोटो, असले काही बोलून आम्ही त्या नुकसानीला शोभा आणणार नाही. ते छत्तीस फोटो आम्हांला हवे होते आणि अजूनही हवे आहेत.

तरीही आम्ही हा छंद सोडला नाही, त्याचे कारण पुढे घडले. एकदा बहिणीने विचारले, "माळ्यावरच्या खिडकीला गज होते का रे? माझ्या एकाही फोटोत दिसत नाहीत." आम्ही सांगितले, "होते. पाच. डावीकडून दुसरा वाकलेला होता, आणि दुपारी चारला त्याची सावली बाबांच्या खांद्यावर पडली होती." त्या दिवशीचे छत्तीसही प्रसंग आम्ही आजही क्रमाने सांगू शकतो, कारण प्रत्येकापाशी थांबलो होतो. बहिणीपाशी फोटो आहेत, आमच्यापाशी ते पाहणे आहे. दोघांना एकमेकांची गरज पडते. फोन आणि फिल्म यांचा झगडा आमच्या घरात असा मिटला.

म्हणून ज्यांना हा छंद लावून घ्यावासा वाटेल त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. जे पुन्हा घडणार नाही, ते एकट्या फिल्मच्या भरवशावर सोडू नका. लग्नमुंज असो की आजीची पंचाहत्तरी, फोनवरही काढा. महागडा कॅमेरा घेऊ नका. आधी स्वतःचा माळा शोधा, काकांना, मामांना विचारा. मिळालेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी आहे का ते उजेडात पाहा, आणि पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. एक काळापांढरा रोल घ्या आणि तो महिनाभर पुरवा. खिशात लहान वही ठेवा. फोटोचा क्रमांक, जागा आणि छिद्राचा आकडा लिहा. रोल धुऊन आला की वही समोर ठेवून बघा. छत्तीसांतले चार बरे आले तर रोल सत्कारणी लागला असे समजा. आणि कॅमेरा शोधताना माळ्यावर जुन्या निगेटिव्हचे पाकीट सापडले तर ते फेकू नका. दिव्यासमोर धरा. त्यात कोण आहे हे सांगणारे माणूस घरात असेल, तर आजच विचारून पाकिटावर नाव लिहून ठेवा.

आपल्या कॅमेऱ्यात रोल असेल किंवा नसेल. पण उद्या सकाळी घराबाहेर पडताना दाराशी बसलेल्या माणसाकडे, त्याच्या खांद्यावरच्या उन्हाकडे, छत्तीसांतला एकच फोटो शिल्लक असल्यासारखे एकवार पाहा. बाकीचे सारे शिकता येते.