लाद्वानच्या दारातला वारसा



शताब्दीच्या निमित्ताने मंडळाच्या सभागृहात आपल्या पूर्वजांच्या वस्तूंचे दालन उभे करायचे ठरले, आणि बऱ्याच घरांतून एकच सूचना आली: "कोकणातून आणा ना! जाते आणा, मोठी समई आणा, पालखी आणा." सूचना प्रेमाची आहे. पण मोठी वस्तू समुद्रापार आणणे म्हणजे काय, हे आम्हा समितीच्या मंडळींना या कामात नीट कळले. तेच आज तुमच्यापुढे मांडतो, म्हणजे कोणाचे पैसे व्यर्थ जाणार नाहीत.

पहिला प्रश्न आपल्या लाद्वानचा नाहीच, भारतातला आहे. तिथे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितासाठी ही मुदत ७५ वर्षांची आहे. वस्तू जुनी दिसते पण तितकी जुनी नाही, असे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून 'ही पुरावस्तू नव्हे' असा दाखला घ्यावा लागतो. रत्नागिरीकडच्या एका भाऊबंदांनी आपल्या पणजीचे जाते द्यायची तयारी दाखवली. मन भरून आले. पण ते जाते त्यांच्याच पडवीत राहू द्यावे, असे आम्ही ठरवले. त्याची मापे आणि छायाचित्रे मागवली. कायदा आहे म्हणून नव्हे फक्त. त्या घराचाही त्याच्यावर हक्क आहे.

दुसरा प्रश्न आकाराचा. जहाजाचे भाडे वजन आणि घनफळ यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागते. एक घनमीटर म्हणजे एक टन असा हिशेब. पालखीची पेटी अडीच मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच धरा. झाले तीन घनमीटर. वजन दीडशे किलो असले तरी भाडे तीन टनांचे. विमानाने पाठवली तर तीच पेटी साधारण ५०० किलोची धरतात. म्हणून दांडा वेगळा निघेल आणि भाग सुटे होतील अशीच पालखी घडवून घ्यावी. पेटीचे लाकूडही तसेच चालत नाही. आतपर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे तापवलेले किंवा धुरी दिलेले असावे आणि त्यावर तसा शिक्का हवा. ढोलाचे कातडे, शंख, शिसवी लाकूड असेल तर पाठवण्याआधीच विचारून घ्यावे.

आता पोर्ट लुईस. कर फक्त वस्तूच्या किमतीवर लागतो असे अनेकांना वाटते. तसे नाही. किंमत, भाडे आणि विमा मिळून जी रक्कम होते, तिच्यावर हिशेब होतो. समजा पालखी ४०,००० रुपयांची, भाडे आणि विमा २०,००० चा. जकात शून्य धरली तरी ६०,००० वर १५ टक्के व्हॅट, म्हणजे ९,००० रुपये. "भेट आहे" असे लिहिले म्हणून किंमत शून्य होत नाही. १ एप्रिल २०२१ पासून भारत आणि मॉरिशस यांच्यात व्यापार करार आहे. वस्तू त्याच्या यादीत असेल आणि उत्पत्तीचा दाखला जोडला असेल तर जकातीत सवलत मिळू शकते. पण दाखला माल निघतानाच मागायचा. व्हॅट त्याने सुटत नाही.

शिवाय बंदरातली हाताळणी, सुटकेची कागदपत्रे, दलाल आणि गावापर्यंतचा लॉरीवाला. पाठवणारा "सगळे भरले आहे" म्हणतो, ते बहुधा बंदरापर्यंतचेच असते. आमच्या एका पेटीच्या बिलावर पाठवणाऱ्याने नुसते 'पूजेचे सामान' लिहिले होते. पेटी अडली, आणि अडलेल्या प्रत्येक दिवसाचे भाडे चढत गेले. बिलावर वस्तू, धातू किंवा लाकूड, नग, वजन, किंमत आणि घडवल्याचे वर्ष, सगळे स्वच्छ लिहून घ्या.

वस्तू फक्त प्रदर्शनापुरती आणून परत पाठवायची असेल तर एटीए कार्नेट नावाचा परवाना आहे. भारतात तो फिक्की देते, आणि तो एक वर्षापर्यंत चालतो. त्यात इथे कर भरावा लागत नाही, पण वस्तू मुदतीत परत गेलीच पाहिजे.

हा सारा हिशेब मांडल्यावर आम्हाला दुसरीच गोष्ट दिसली. आपले आजे-पणजे याच बंदरात उतरले, आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले. हाताला लागेल तेवढेच गाठोडे त्यांच्याजवळ होते. जाते त्यांनी आणले नाही, आणणे शक्यच नव्हते. मग आजीने मसाला वाटला तो कशावर? याच बेटाच्या काळ्या दगडाच्या 'रोस कारी'वर. तो दगड कुठल्याही सीमेवरून आलेला नाही, आणि तरी तो पुरता आपला आहे. आज नवे घर बांधताना तोच दगड आपण अंगणात टाकतो, नाहीतर जुनेपुराणे घेणाऱ्याला देऊन टाकतो.

म्हणून समितीचा प्रस्ताव असा: कोकणातून एकच वस्तू आणावी, नवी घडवलेली पालखी, कारण ती मिरवायची आहे. बाकीचे दालन आपल्याच घरांतून भरावे. रोस कारी, पितळेचा तांब्या, झाकरीचा ढोल, आजीच्या हातची गोधडी, जे असेल ते. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी द्या: कोणाची, कोणत्या साखरमळ्यातली, कशाला वापरत होते. सांगणारी माणसे आज आपल्यात बसली आहेत. पालखी पुढच्या वर्षीही येईल. ही माहिती मात्र थांबणार नाही.

वस्तू द्यायची नसेल तर उसनी द्या, आम्ही पावती देऊ. तुमच्या घरापासून या सभागृहापर्यंत लाद्वान नाही.