आजीबाईंची शाळा

ठाणे जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत फांगणे नांवाचें एक लहानसें खेडें आहे. २०१६ सालीं, ८ मार्च रोजीं, तेथें एक शाळा उघडली. तिच्या विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या! गुलाबी लुगडें हा त्यांचा गणवेष. खांद्याला दप्तर अडकवून आणि हातांत पाटी घेऊन या आज्या दुपारीं वर्गांत येऊन बसूं लागल्या. दुपारची वेळ नेमण्यांत शहाणपण होतें. चूल, शेत आणि गुरें यांतून बाईमाणसाची सुटका झाली तर तेव्हांच होते.

या शाळेचें मूळ शिवजयंतीच्या उत्सवांत आहे. शिवचरित्राचें वाचन ऐकतां ऐकतां त्या बायांना वाटलें, हें आपल्याला स्वतः वाचतां आलें असतें तर! लहानपणीं भावाला शाळेंत घातलें आणि बहिणीच्या कडेवर धाकटें मूल दिलें, ही गोष्ट केवळ खेड्यांतलीच, असें शहरच्या सुशिक्षित घरांनीं मात्र समजूं नये.

कांहीं शहाणे विचारतात, ऐंशीव्या वर्षीं ‘ग म भ न’ गिरवून उपयोग काय? बँकेंत अंगठा पुढें करतांना जी मान खालीं जाते, तिला हा प्रश्न विचारावा. शिकणें सोपें नसतें हें खरें. हात कांपतो, अक्षर अंधुक दिसतें, काल गिरवलेलें आज आठवत नाहीं. अशा वर्गाला घाईचा शिक्षक चालत नाहीं. घरीं अभ्यास घ्यावयास नातवंडें असतात. आणि काना चुकला, तर तीं मास्तरांहून कडक!