क्रीडाश्रीचे पाचशे रुपये
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाचा मेळावा आणि आम्ही बोलणार खेळाच्या मैदानावर, म्हणून मागे बसलेले काही जण हसले. हसा. पण क्विंटलचा उत्पादन खर्च आपण जसा मांडतो, तसा हाही हिशेब एकदा मांडू.

2008-09 साली केंद्र सरकारने ‘पायका’ ही योजना आणली, म्हणजे पंचायत युवा क्रीडा व खेल अभियान. दहा वर्षांत देशातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला मैदान होणार होते. त्यासाठी एकदाच एक लाख रुपये. पुढे काही वर्षे साहित्याला वर्षाला 10,000 आणि मैदान चालवायला 12,000. मुलांना खेळवायला गावातलाच एक माणूस. त्याचे नाव ‘क्रीडाश्री’, मानधन महिना 500. दिवसाला सतरा रुपयेसुद्धा पडत नाहीत, पण नाव पद्मश्रीच्या तोलाचे!

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे, मैदानाकडेही मातीच्या नजरेने बघतो. आपली काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पळणाऱ्या पोराचा पाय त्यात मुरगळलाच म्हणून समजा. तिथे मैदान करायचे तर वरून मुरूम टाकावा लागतो, कडेने चर काढावा लागतो, रोलर फिरवावा लागतो. हे एकदा करून भागत नाही. दर पावसाळ्यानंतर पुन्हा मुरूम, पुन्हा दाब. म्हणजे खरी किंमत एकदाच्या लाखाला नव्हती, दरवर्षीच्या बारा हजारांना होती. विहीर खोदून दिली आणि मोटारीची वीज तोडली, तर ओलित होते काय?

इथे तेच झाले. 2014 साली पायकाच्या जागी राजीव गांधी खेल अभियान आले आणि भर गावावरून तालुक्याच्या संकुलावर गेला. 2016 साली तेही ‘खेलो इंडिया’त विलीन झाले. दहा वर्षांचा वायदा सहा वर्षांतच मोडला. मैदानात गाजरगवत उभे राहिले.

2020-21 च्या अंदाजपत्रकात खेलो इंडियाला 890.42 कोटी होते, 2021-22 मध्ये 657.71 कोटी केले. करोनात स्पर्धाच बंद होत्या, असे त्यावर सांगता येईल. पुढे आकडा वाढला, 2025-26 च्या अंदाजपत्रकात तो 1,000 कोटी होता, हेही आम्ही सांगितलेच पाहिजे. अर्धे सांगून आंदोलन होत नाही. पण पैसा परत आला तेव्हा गावचा क्रीडाश्री परत आला नाही. निवडलेल्या खेळाडूला वर्षाला पाच लाख देण्याची घोषणा 2017 साली झाली. चांगली गोष्ट आहे. पण निवड व्हायला पोराने आधी कुठे तरी खेळलेले असावे लागते ना?

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. कोरडवाहू मुलखातले पोर. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3,000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक घेतले. त्याला धावपटू केले ते लष्कराने. जे लष्करात गेले नाहीत, त्यांच्यात असे किती होते, हे कोण मोजणार?

आज आपली पोरे पोलीस भरतीच्या 1,600 मीटरचा सराव पहाटेच्या अंधारात डांबरी सडकेच्या कडेने करतात, शेजारून ट्रक जातात. पोर निदान मोटरसायकल काढून तालुक्याला तरी जाते. मजुराच्या पोरीला संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने कोण पाठवतो? तिला गावातच मैदान पाहिजे. वेचणीच्या दिवसांत तर तिच्या हाती अंधार पडायच्या आधीचा एखादाच तास असतो.

आपलेच कार्यकर्ते म्हणतात, अनुदान म्हणजे भीक, भाव मिळाला की सगळे होईल. भीक नको, हे आम्हीही बोलत आलो. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली वैद्य बंधूंनी उभे केले आणि 1936 साली त्याचा चमू बर्लिनला आपले खेळ दाखवून आला. गावाच्या अंगात ताकद नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या घरात विकायला बोंडच नाही, तिथे भाव वाढून पोर मैदानावर कशी येणार? काडीपेटीसारखी वस्तू घेताना कर तिचा बापही भरतोच. तो पैसा मागणे ही भीक कशी?

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने मैदानाच्या जागेचा उतारा आणावा. जागा गावठाणात आहे की गायरानात, आणि तिच्यावर कोणाचे कुंपण पुढे सरकले आहे, ते आधी बघू. मग मुरूम, चर आणि खेळवणाऱ्याचे मानधन ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालण्याचा ठराव ग्रामसभेत मांडू. त्या ग्रामसभेला बायांना आणि पोरींना सोबत आणा. ठरावाची नक्कल सचिवाच्या सहीनिशी घ्या, तोंडी आश्वासन घेऊन परत येऊ नका.