हे तळे कोणते?

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षांच्या सोहळ्यात शाळेविषयी बोलणारे अनेक अधिकारी वक्ते आहेत. मी आज ज्या शहराने ही शाळा वाढवली त्या शहराविषयी, आणि त्याची जुनी चित्रे ओळखताना माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी परिचयातील एका मराठी कुटुंबाने आपला जुना आल्बम मला पाहायला दिला. त्यात एका तळ्याच्या पायऱ्यांवरचे छायाचित्र होते. नऊवारीतल्या दोन स्त्रिया, पितळी घागरी, वाळत घातलेले कपडे आणि पलीकडे मोकळा काठ. मागे फक्त ‘तालाब’ एवढाच शब्द. मी क्षणाचाही विचार न करता पेन्सिलीने खाली लिहिले, ‘हनुमानताल’. जबलपुरात पायऱ्यांचे तळे म्हणजे हनुमानताल, याविषयी मला शंकाच वाटली नाही.

ही चूक माझ्या लक्षात येण्यास वर्ष लागले. तिचे कारण मात्र मला आजही अस्वस्थ करते. हनुमानताल मला आठवला, कारण तो अजून डोळ्यांसमोर आहे. जे उरले आहे त्याचेच नाव आपण जे गेले त्याला देतो. असे केले म्हणजे नाहीसे झालेले स्थळ दुसऱ्यांदा नाहीसे होते. पहिल्यांदा भरावाने, दुसऱ्यांदा आपल्या हस्ताक्षराने.

आपले शहर बावन्न तळ्यांचे, असे वडीलधारी मंडळी सांगत आली. राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचा, ही परंपरा येथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. आज राणीताल म्हटले की क्रीडासंकुल आठवते, मढाताल म्हटले की सिव्हिक सेंटर आणि चेरीताल म्हटले की वस्ती. पाणी गेले, नाव तेवढे पत्त्यात राहिले. म्हणून जुने चित्र ओळखू पाहणाऱ्याने पहिला पुरावा मोहल्ल्यांच्या नावांत शोधावा. नावात ‘ताल’ असेल तर तेथे कधीकाळी काय होते, हे त्या नावानेच सांगून ठेवले आहे.

दुसरा पुरावा नकाशाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मांडणीत आपले शहर 55 एम/16 या पत्रकात येते. जुने पत्रक एका इंचाला एक मैल या प्रमाणाचे, नंतरचे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाचे. नकाशा हाती आला की आधी समासातला मजकूर वाचावा. तेथे पाहणीचे वर्ष आणि छपाईचे वर्ष अशी दोन वर्षे असतात, आणि त्यांत पुष्कळ अंतर असू शकते. छापील नकाशात दिसणारे तळे छपाईच्या वर्षी होतेच, असे म्हणता येत नाही. ते पाहणीच्या वर्षी होते. वर्षच नसेल तर रेल्वेमार्गाकडे पाहावे. अलाहाबादची गाडी जबलपूरला 1867 साली आली आणि मुंबईकडून येणारा मार्ग 1870 साली तिला येथे मिळाला. म्हणून अलाहाबादची रेषा आहे पण इटारसीची नाही, असा नकाशा त्या तीन वर्षांतली स्थिती दाखवतो. त्याहून बारीक तपशील हवा असेल तर नजूलचे नकाशे आणि खसरे पाहावेत. इंग्रज पाहणीदाराने जे एका निळ्या ठिपक्यात आटोपले, त्याचा काठ पटवाऱ्याच्या नकाशात क्रमांकासह सापडतो.

तिसरा पुरावा खुद्द चित्रातला. नवशिका इमारतीकडे पाहतो. परंतु इमारती बदलतात. 22 मे 1997 च्या पहाटेच्या भूकंपाने आपल्या कितीतरी जुन्या घरांचे रूप पालटले, हे येथे बसलेल्या अनेकांनी पाहिले आहे. त्या भूकंपातही आपला तोल सांभाळणारी शिळा जागची हलली नाही. म्हणून चित्रात आधी डोंगर शोधावा. मदनमहालची ग्रॅनाइटची टेकडी आणि तिच्या शिळेवरची ती लहानशी वास्तू शहराच्या नैर्ऋत्येला आहे. क्षितिजावर ती ओळखता आली, तर छायाचित्रकाराचे तोंड कोणीकडे होते हे कळते.

दिशा ठरवण्यास सावलीचीही मदत होते. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनच्या मध्यापासून अखेरपर्यंतचे थोडे दिवस वगळले, तर वर्षभर भर दुपारची सावली उत्तरेकडेच पडते. मात्र आधी एक खात्री करून घ्यावी. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून छाप घेताना काच उलटी ठेवली गेली, तर डावे ते उजवे होते. पाटीवरची अक्षरे असतील तर हे लगेच कळते. नसतील तर नऊवारीचा पदर पाहावा. तो डाव्या खांद्यावर असायला हवा. परंतु आपल्या शहरात शेजारणींचा सीधा पल्ला उजव्या खांद्यावर असतो, म्हणून आधी साडी कोणत्या पद्धतीची हे ओळखावे आणि मगच निष्कर्ष काढावा.

काळ ठरवण्याच्या खुणाही घरच्याच आहेत. कमानिया गेट 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक आहे. ते चित्रात असेल तर चित्र त्यापूर्वीचे नाही. अडीच फुटी रूळ दिसले तर ती गोंदियाची छोटी गाडी, आणि ती 2015 साली आपल्या शहरातून गेली. चित्रामागच्या मजकुराचे वय मात्र वेगळे मोजावे. जबलपूरच्या इमारतीवर कोणी ‘हायकोर्ट’ असे लिहिले असेल, तर ते अक्षर 1956 नंतरचे. चित्र कितीही जुने असू शकते. ‘झेंडा सत्याग्रह’ एवढेच लिहिले असेल तर आणखी सावध राहावे. 1923 साली तो आपल्या टाऊन हॉलवरून सुरू झाला, पण पुढे नागपुरात पेटला. चित्र दोहोंपैकी कोणत्याही शहराचे असू शकते.

आता त्या तळ्याकडे परत येतो. दुसऱ्यांदा भिंगाखाली पाहिले तेव्हा पलीकडच्या काठावर झाडे होती आणि त्यांच्या मागे टेकडीची रेषा. हनुमानतालाच्या काठी दाट वस्ती आणि जैन मंदिराची शिखरे. येथे त्यांचा मागमूस नव्हता. दोघींचे पदर डाव्या खांद्यावर होते, म्हणजे छाप सरळ होती. आंघोळीची, धुण्याची वेळ सकाळची धरली, तर पुढे आणि उजवीकडे पडलेल्या सावल्यांवरून कॅमेऱ्याचे तोंड नैर्ऋत्येकडे येत होते. म्हणजे ती टेकडी मदनमहालची. नकाशावर त्या रेषेत मागे येताना जुन्या वस्तीच्या पश्चिमेला राणीताल आणि चेरीताल ही दोन तळी माझ्या हाती उरली. नकाशा याहून पुढे नेईना.

शेवटचे पाऊल त्या घरच्या आजींनी टाकले. मी चित्र पुढे धरताच त्या म्हणाल्या, “अरे, हनुमानतालावर आम्ही कधी धुणे नेलेच नाही. आमचे बिऱ्हाड राणीतालाकडे होते. ही डावीकडची माझी सासू.” मी माझे अक्षर खोडले आणि लिहिले, ‘बहुधा राणीताल, टेकडीची दिशा आणि घरातील आठवण यांवरून.’ ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. पुढच्या माणसाला माझी चूक शोधता यावी, यासाठी माझे कारणही तेथे असले पाहिजे.

हे सारे केवळ हौसेचे आहे, असे कोणी समजू नये. पावसाचे पाणी उताराने आपल्या जुन्या घरी येते. तेथे आता आपले घर आहे, हे त्याला ठाऊक नसते. तळी कोठे होती आणि ओमती नाल्याला कोठून पाणी मिळत होते, हे सांगणारा कागद म्हणूनच नगररचनेच्याही कामाचा आहे. जे तळे होते हेच सिद्ध करता येत नाही, त्याच्यासाठी कोणी भांडू शकत नाही. आणि जी तळी अजून उरली आहेत, त्यांच्यासाठी उद्या भांडावे लागेल.

यात आपल्या मराठी घरांचा वाटा मोठा आहे. 1956 पर्यंत आपल्या प्रांताची राजधानी नागपूर होती. नोकरीच्या आणि सोयरिकीच्या निमित्ताने येथील माणसे तिकडे आणि तिकडची येथे येत राहिली. जबलपूरची चित्रे नागपूर, अमरावती, पुणे येथील ट्रंकांमध्येही पडली असतील. सरकारी छायाचित्रकाराने भेडाघाटचे संगमरवरी कडे टिपले. धुण्याचा घाट टिपला तो घरातल्या कोणा हौशी माणसाने.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. घरी गेल्यावर आल्बम उघडा. चित्रे ओढून काढू नका. आहेत तशीच त्यांची प्रत काढा. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसा आणि माणसांची नावे विचारून झाली की, ‘ही जागा कोणती?’ हेही विचारा. उत्तर मऊ पेन्सिलीने लिहा, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहा, शंका असेल तर शंका लिहा. त्या प्रती शाळेत आणून द्या. मुले त्या नकाशाशी ताडून पाहतील. भूगोलाच्या तासाला याहून चांगला पाठ मला सुचत नाही.

त्या आजी आता नाहीत. मी आणखी एक वर्ष उशीर केला असता, तर ते चित्र कायमचे हनुमानतालाचे झाले असते.